पंधरा दिवस सरळ, मग पुन्हा स्लाइस: पद्धत बदलायची, कोच बदलायचा, की आधी तपासायचं?

गोल्फमधली तक्रार ठरलेली असते: स्लाइस, म्हणजे चेंडू हवेत उजवीकडे वळत जाणं. ड्राइव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब) उजवीकडे जातोय म्हणून कुणीतरी एक व्हिडिओ पाठवतो, किंवा रेंजवर (सरावाच्या मैदानावर) नवीन आलेला कोच ग्रिप बदलून देतो. पहिल्याच बकेटमधले (सरावाच्या चेंडूंच्या बादलीतले) बरेच चेंडू सरळ जातात. रविवारी फोरबॉलमध्ये (चौघांच्या खेळात) जाहीर होतं, ‘सापडलं एकदाचं!’ दोन-तीन आठवडे बरे जातात आणि मग एका सकाळी चेंडू पुन्हा उजवीकडच्या झाडीत. पद्धत भिकार ठरते, नाहीतर कोच भंपक ठरतो, आणि नवा व्हिडिओ उघडला जातो. काही जणांचं हे चक्र वर्षानुवर्षं चालू आहे. हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा) जिथल्या तिथे.

उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहितोय. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

माझं म्हणणं असं आहे, की स्विंगची जवळपास प्रत्येक गाजलेली पद्धत कुणाच्या तरी ठरावीक दुखण्यावरचं औषध म्हणून जन्माला आली. आपलं दुखणं कोणतं हे ठरायच्या आधी दोन औषधांची तुलना करण्यात अर्थ नाही, आणि ते देणाऱ्याला नावं ठेवण्यातही नाही. आपण नेमकं उलटं करतो. आधी पद्धतीवरून हमरीतुमरी, मग कोचची पत्रिका, आणि चेंडू मुळात कसा जातोय हे सगळ्यात शेवटी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पहिले पंधरा दिवस का फसवतात

नव्याची नवलाई नऊ दिवस, हे इथे शब्दशः लागू पडतं, आणि त्याची कारणं गूढ नाहीत.

आपण नवी पद्धत कधी शोधतो? खेळ सगळ्यात वाईट चाललेला असतो तेव्हा. प्रत्येकाच्या खेळात चढउतार असतातच. तळाला गेलेला खेळ काहीही न करता थोडा वर येणार असतो. त्याच आठवड्यात तुम्ही अंगठा इकडचा तिकडे केलात, की श्रेय अंगठ्याला. सहा महिन्यांतल्या सर्वोत्तम राऊंडनंतर कुणी पद्धत बदललेली पाहिली आहे का? बदलली असती तर तीच पद्धत ‘खेळ बिघडवणारी’ ठरली असती.

दुसरं कारण रेंज. एकच क्लब, एकच निशाण, एकामागोमाग एक चेंडू. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचाली शिकण्यावर एक प्रयोग केला होता. एकच हालचाल सलग घोकणारे सरावाच्या वेळी पुढे होते. हालचालींची सरमिसळ करणारे तेव्हा मागे पडले, पण नंतर चाचणी घेतली तेव्हा तेच वरचढ निघाले. रेंजवर सलग तीस ड्राइव्हर हा झाला घोकणारा प्रकार. कोर्सवर मात्र ड्राइव्हर, मग चालणं, मग ७ आयर्न (मधल्या अंतराचा क्लब), चिप (जवळचा छोटा शॉट), दोनदा पटिंग (चेंडू होलमध्ये ढकलणं), आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुढचा ड्राइव्हर. रेंजवरचा विसावा सरळ चेंडू तुमचा स्विंग सुधारल्याचं सांगत नाही. एकोणीस चेंडूंनंतर हाताला लागलेला ताल सांगतो.

तिसरं, मॅट. चेंडूच्या दोन इंच मागे क्लब आपटला तरी तो मॅटवरून घसरत चेंडूला जाऊन भिडतो आणि शॉट बरा दिसतो. गवतावर तोच शॉट चाळीस यार्ड अलीकडे पडतो.

तेव्हा कोणतीही पद्धत तोलायची असेल तर दिवसाचे पहिले पाच चेंडू धरा. हातपाय मोकळे करून घ्या, पण आधी बकेट मारू नका. पहिले पाच कुठे गेले ते मोबाइलवर टिपून ठेवा. पंचविसावा चेंडू कितीही देखणा गेला तरी तो हिशोबात नाही. पहिल्या टीवर (होलच्या सुरुवातीच्या जागी) तुम्हाला पंचविसावा चेंडू मारायला मिळत नसतो.

आधी चेंडूला विचारा

हा भाग नीट करा. बाकीचं निम्मं काम इथेच होतं.

जुनी समजूत अशी होती, की चेंडू स्विंगच्या पाथच्या (क्लब ज्या मार्गाने येतो त्याच्या) दिशेने निघतो आणि नंतर फेस (क्लबचा चेंडूला लागणारा पृष्ठभाग) जिकडे असेल तिकडे वळतो. अमेरिकेतल्या पीजीएच्या (व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या) प्रशिक्षणातही हेच शिकवलं जाई. मग चेंडूची आणि क्लबची हालचाल मोजणारं रडार आलं. डेन्मार्कची ट्रॅकमन कंपनी २००३ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत हा सूर्य, हा जयद्रथ झालं. चेंडू निघतो तो मुख्यतः फेस ज्या दिशेला असेल त्या दिशेने. ड्राइव्हरच्या बाबतीत फेसचा वाटा साधारण ८५ टक्के, आयर्नच्या बाबतीत साधारण ७५. आणि वळतो तो फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकामुळे. फेस पाथच्या मानाने उजवीकडे उघडा असेल तर चेंडू उजवीकडे वळणार, मग तो निघाला कुठूनही असो.

हे घरच्या घरी मोजता येतं. चेंडूपासून तीन मीटर पुढे, निशाणाच्या बरोबर रेषेत, जमिनीत एक अलाइनमेंट स्टिक (दिशा धरायची बारीक काठी) रोवा. चेंडू तिच्या कुठल्या बाजूने आणि किती अंतरावरून गेला ते मित्राला मागे उभं करून पाहायला सांगा. तीन मीटरवर एक अंश म्हणजे साधारण पाच सेंटीमीटर. स्टिकच्या डावीकडून वीतभर अंतरावरून चेंडू गेला, तर तो जवळपास चार अंश डावीकडे निघाला. हाच एक अंश २०० यार्डांवर साडेतीन यार्ड होतो, आणि पाच अंश झाले की सतरा. फेअरवे (कापलेल्या गवताची पट्टी) सुटला.

आता ‘स्लाइस’ या एकाच नावाखाली किती वेगळी दुखणी दडलेली असतात ते बघा.

चेंडू स्टिकच्या डावीकडून निघतो आणि मग उजवीकडे वळतो. आठवड्याला एकदा खेळणाऱ्यांत हा नेहमी दिसणारा प्रकार. इथे फेस निशाणाच्या डावीकडेच आहे, फक्त पाथ त्याहूनही डावीकडे आहे, म्हणजे क्लब बाहेरून आत कापत येतोय. अशा माणसाला ‘ग्रिप उजवीकडे वळवा, फेस बंद करा’ सांगितलं की वळण कमी होतं, पण चेंडू आणखी डावीकडून निघतो. दोन आठवड्यांनी तो डावीकडच्या कंपाउंडबाहेर जायला लागतो. घाबरून माणूस हात सोडतो, फेस पुन्हा उघडतो, आणि जुना स्लाइस परत. ‘पद्धत लागू पडली आणि मग उतरली’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची गोष्ट एवढीच असते. त्यांना आधी पाथ हवा होता, मिळाली ग्रिप.

चेंडू स्टिकच्या उजवीकडून निघतो आणि आणखी उजवीकडे जातो. इथे फेसच उघडा आहे. या माणसाला ‘आतून बाहेर मारा’ सांगणं म्हणजे आगीत तेल. पाथ उजवीकडे गेल्याने वळण कदाचित कमी होईल, पण निघण्याची दिशा सुधारणार नाही. त्याला ग्रिप आणि मनगट हवं.

तिसरा प्रकार सगळ्यात कमी ओळखला जातो: चेंडू सरळ निघतो, उजवीकडे वळतो, आणि मारताना हाताला बोथट लागतो. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूच्या मागच्या बाजूला जाड ठिपका काढा आणि मारा; फेसवर ठसा उमटतो. ठसा हीलकडे (फेसच्या दांडीकडच्या बाजूला) असेल तर थांबा. ड्राइव्हरचा गुरुत्वमध्य फेसच्या बराच मागे असतो. हीलकडे लागलेला चेंडू त्यामुळे क्लबहेडच्या फिरण्यातून उजवीकडची फिरकी घेतो आणि टोच्या बाजूला (दांडीपासून दूरच्या टोकाला) लागलेला डावीकडची. स्विंग ठीक असूनही स्लाइस दिसतो. अशा माणसाला कोणतीही पद्धत देऊ नका, चेंडूपासून थोडं मागे उभं करा.

असे दहा चेंडू, तीन वेगवेगळ्या दिवशी. एका दिवसाच्या शितावरून इथे भात शिजल्याचं ठरत नाही.

मोबाइलच्या स्लो-मोशनबद्दल दोन शब्द. चेंडू फेसवर असतो सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग. मोबाइल सेकंदाला २४० फ्रेम घेतो. क्लबहेड ताशी ९० मैलांनी येत असेल तर दोन फ्रेमच्या मध्ये ते सोळा-सतरा सेंटीमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणजे इम्पॅक्टला (क्लब चेंडूला भिडताना) फेस कसा होता हे त्या व्हिडिओत नाहीच, कुणी कितीही रेघा मारून दाखवल्या तरी. शाफ्ट (क्लबची दांडी) वाकलेला दिसतो तो कॅमेऱ्याचा खेळ. कॅमेरा मागून लावायचा तर हातांच्या उंचीवर, हातांच्या रेषेत, दर वेळी त्याच जागी. फूटभर इकडेतिकडे झाला की प्लेन (स्विंगचा कोन) बदललेलं दिसतं, आणि ‘सुधारणा’ तिथेच होते.

कोणतं औषध कुणासाठी होतं

गाजलेले अमेरिकी खेळाडू बेन होगन यांचं दुखणं हुक होतं. चेंडू डावीकडे असा झपकन वळायचा की उपजीविकेवर बेतलं होतं. त्यांनी डाव्या हाताची ग्रिप डावीकडे वळवली, बॅकस्विंगच्या (क्लब मागे-वर नेण्याच्या) वरच्या टोकाला मनगटाला बाहेरचा बाक दिला, आणि हुक मेला. नऊ मेजर (गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या स्पर्धा) जिंकणाऱ्या माणसाने १९५७ मध्ये आपला स्विंग चित्रांसह पुस्तकात मांडला, आणि तेव्हापासून स्लाइसने बेजार झालेले लाखो हौशी खेळाडू हुकवरचं औषध भक्तिभावाने घेत आले आहेत. उघड्या फेसवर ते घेतलं तर काय होणार? होगन यांचं काहीच चुकलं नाही. घेणाऱ्याने चिठ्ठी वाचली नाही.

स्टॅक अँड टिल्टचं उदाहरण तर दोन्ही बाजूंच्या अन्यायाचा नमुना आहे. मायकेल बेनेट आणि अँडी प्लमर यांची ही पद्धत २००७ मध्ये एकदम गाजली. बॅकस्विंगमध्ये वजन उजव्या पायावर न्यायचंच नाही, ते पहिल्यापासून डाव्या पायावर ठेवायचं आणि पुढे वाढवत न्यायचं. टीकाकार लगेच म्हणाले, हा तर उलटा पिव्हट! तो नव्हे. उलट्या पिव्हटमध्ये वर जाताना वजन डावीकडे आणि खाली येताना उजवीकडे पडतं. इथे ते डावीकडे असतं आणि आणखी डावीकडे जातं. चेंडूच्या मागे जमीन खणणाऱ्या माणसाला आयर्नने हे फार लवकर गुण देतं, कारण स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या पुढे सरकतो. शिवाय चेंडू फेसच्या दिशेने निघतो, हे दोघं तेव्हाच सांगत होते. ते मान्य करायला हवं.

आता समर्थकांची बाजू. आरोन बॅडली आणि माइक वीअर यांची नावं ते छातीठोकपणे घेत. दोघांनी २००७ मध्ये पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) स्पर्धा जिंकल्या, हे खरं. पण वीअर यांचं मास्टर्स विजेतेपद २००३ चं, या पद्धतीच्या आधीचं. आणि पुढे दोघांनीही ती सोडली. एवढ्यावरून पद्धत खोटी ठरत नाही, पण त्यांच्या नावावर ती खरीही ठरत नाही. माझं मत विचाराल तर आयर्नसाठी उत्तम आणि ड्राइव्हरसाठी अवघड, कारण टीवरच्या चेंडूला वरच्या दिशेने जाताना मारायचं असेल तर एवढं पुढे झुकलेलं अंग आड येतं.

कॅनडाचे मो नॉर्मन यांची सिंगल प्लेन पद्धत: पाय फाकलेले, हात लांब, क्लब आणि हात एकाच रेषेत, इम्पॅक्टला जिथे असायचं तिथेच सुरुवातीपासून. अचूकपणाबद्दल त्यांचं नाव आजही दंतकथेसारखं घेतात. विकताना सांगतात ‘कमी हालचाल, म्हणून सोपं’. सांगत नाहीत ते हे, की नॉर्मन यांनी आयुष्यभर चेंडू मारण्याशिवाय फारसं काही केलं नाही. सरळपणातला किती वाटा रचनेचा आणि किती त्या ढिगाऱ्याचा, हे वेगळं काढणं कठीण आहे. पाठ-खांदे आखडलेल्या पन्नाशीतल्या माणसाला मात्र ही पद्धत बघायला हरकत नाही. थोडं अंतर जाईल, पण तेवढ्याची तयारी असेल तर.

आणि इंग्लंडचे निक फाल्डो. चांगला चाललेला खेळ त्यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर कोच डेव्हिड लेडबेटर यांच्याकडे मोडून पुन्हा बांधला. साधारण दोन वर्षं हलाखीची गेली. मग १९८७ ची ओपन मुइरफील्डवर, शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा होलवर पार (नेमून दिलेल्या फटक्यांत पूर्ण). पुढे आणखी पाच मेजर. ही कथा सांगून पूर्ण स्विंग बदलायला लावणारे भेटतील. त्यांना एकच विचारा: फाल्डो रोज दिवसभर चेंडू मारत होते, मी आठवड्याला दोन तास देतो, माझी दोन वर्षं म्हणजे किती?

दुसऱ्या टोकाला जिम फ्युरिक. बॅकस्विंगमध्ये क्लब आकाशात वेटोळं घालून येतो, आणि कोच म्हणून फक्त वडील. २००३ ची यूएस ओपन, आणि २०१६ मध्ये ५८ फटक्यांचा राऊंड, पीजीए टूरच्या इतिहासातला सर्वांत कमी. इम्पॅक्टला फेस आणि पाथ ठरल्या जागी आले की वरच्या वेटोळ्याशी चेंडूला घेणंदेणं नसतं.

म्हणून दोन पद्धती शेजारी ठेवाल तेव्हा दिसण्यावरून ठेवू नका. ही पद्धत फेस बदलते, पाथ बदलते, खालचा बिंदू बदलते, की चेंडू फेसवर लागण्याची जागा? तिला अंगात किती लवचीकपणा लागतो? आणि सहसा कुणी विचारत नाही तो प्रश्न: बिघडली की चेंडू कुठे जातो? तुमच्या कोर्सवर डावीकडे सगळीकडे हद्द असेल, तर बिघडल्यावर हुक देणारी पद्धत कागदावर कितीही शास्त्रशुद्ध असो, तुम्हाला महाग पडेल.

कालावधीबद्दल: २०२० पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या २० राऊंडपैकी उत्तम ८ धरले जातात. महिन्यातून चारदा खेळणाऱ्याचे २० राऊंड भरायला पाच महिने लागतात. त्यामुळे तीन आठवड्यांत हँडिकॅप हलला नाही म्हणून पद्धत टाकू नका, आणि ८४ फटक्यांच्या एका राऊंडवर ती डोक्यावरही घेऊ नका. त्याऐवजी दर राऊंडला दोनच गोष्टी टिपा: टीवरून पेनल्टी (दंडाचे फटके) किती, आणि चुकलेले चेंडू कुठल्या बाजूला. यात दोन महिन्यांत कल दिसतो.

(‘पटिंग सुधारा, स्विंगचं काय घेऊन बसलात’ म्हणणारा प्रत्येक फोरबॉलमध्ये एक असतोच. कोलंबिया विद्यापीठातल्या मार्क ब्रॉडी यांनी टूरची आकडेवारी तपासून दाखवलं, की उत्तम आणि सामान्य खेळाडूंच्या स्कोअरमधल्या फरकाचा साधारण दोन तृतीयांश भाग १०० यार्डांच्या पलीकडच्या शॉटमधून येतो. तेव्हा लांब शॉटची चिंता करणारा वेडा नाही.)

कोचला तोलताना

इथे आपण सगळ्यात जास्त अन्याय करतो, दोन्ही दिशांनी.

प्रसिद्ध शिष्याचं वजन आधी कमी करा. टायगर वुड्स यांचंच बघा. बुच हार्मन यांच्याबरोबर १९९७ ते २००२ मध्ये आठ मेजर. हँक हेनी यांच्याबरोबर २००५ ते २००८ मध्ये सहा. शॉन फोली यांच्याबरोबर एकही नाही. झाला का निकाल? पण फोलींच्याच काळात २०१३ मध्ये टायगरनी पाच स्पर्धा जिंकल्या, आणि त्याच वर्षी फोलींचा दुसरा शिष्य जस्टिन रोझ यूएस ओपन जिंकला. मधल्या काळात टायगरचा गुडघा, पाठ आणि वय, तिन्ही बदललेलं. आणि २०१९ चं मास्टर्स त्यांनी स्विंग कोच न ठेवता जिंकलं. एवढ्या मोठ्या खेळाडूचा, एवढा नोंदवलेला इतिहास समोर असून कोचचा वाटा वेगळा काढता येत नाही. मग भिंतीवर लावलेल्या एका राज्यस्तरीय मुलाच्या फोटोवरून आपण काय काढणार? तो मुलगा पहिल्या दिवशी कसा होता, आणि त्याच्याबरोबरचे बाकीचे कुठे गेले, हे कळल्याशिवाय काही नाही.

‘स्वतः किती चांगला खेळतो?’ हाही कच्चा निकष. शिकवायला डोळा आणि भाषा लागते. लेडबेटर खेळाडू म्हणून कधी मोठे झाले नाहीत. उलट, उत्तम खेळणाऱ्या पुष्कळांना आपण काय करतो हे सांगता येत नाही.

प्रमाणपत्राला मी मान देतो, पण मोजून. भारतात नॅशनल गोल्फ अकादमी ऑफ इंडिया प्रशिक्षकांना प्रमाणित करते. ब्रिटनची पीजीए १९०१ ची, अमेरिकेची १९१६ ची. कागद एवढं सांगतो, की या माणसाने शिकवण्याचा अभ्यास केला आहे आणि मुलांसमोर उभं राहायची शिस्त त्याला माहीत आहे. तुमचा स्लाइस त्याला दिसेल का, हे सांगत नाही. चेंडू पाथच्या दिशेने निघतो असं शिकवणाऱ्यांकडेही कागद होतेच.

आणि आपल्याकडचा एक पूर्वग्रह सांगून टाकतो. आपल्या क्लबांतले कित्येक जुने प्रो (व्यावसायिक खेळाडू) कॅडी म्हणून, म्हणजे दुसऱ्याची बॅग वाहत, वाढलेले. अली शेर कॅडीच होते. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक. एसएसपी चौरासिया रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या ग्रीनकीपरचे (मैदान राखणाऱ्याचे) चिरंजीव, बघून बघून शिकलेले. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ इंडियन ओपन त्यांच्या नावावर. असा माणूस कोच म्हणून समोर आला की आपले सदस्य त्याला ‘अरे’ म्हणतात आणि बूट पुसायला लावतात. इंग्रजीत ‘ग्राउंड रिअॅक्शन फोर्स’ म्हणणारा टॅबलेटधारी आला की ‘सर’. वरच्या कसोट्या दोघांना सारख्याच लावा, निकाल काय लागेल सांगता येत नाही. पुण्याच्या एका रेंजवर मी पाहिलेला संवाद असा:

‘साहेब, आधी पाच बॉल मारा. मी काही बोलत नाही.’

पाच झाले.

‘तीन डावीकडून निघाले, दोन सरळ. वळले सगळे उजवीकडे. फेसचा ठसा बघू… हां, मधोमध आहे. म्हणजे ग्रिपला हात लावायचा नाही. खांदा आधी फिरतोय. आता मी सांगतो ते केलंत तर पुढचे चार-पाच बॉल उजवीकडून निघतील. घाबरू नका. डावीकडून निघाला तर माझं चुकलं, मग दुसरं बघू.’

रडार नाही, इंग्रजी नाही. पण बोललेलं चुकीचं ठरू शकेल अशा शब्दांत आधीच सांगितलं. माझ्या मते कोच ओळखायची यापेक्षा चांगली खूण नाही. ‘हळूहळू फरक जाणवेल’, ‘टेम्पो बघा’, ‘मान वर उचलताय’ ही वाक्यं कधीच चुकत नाहीत, म्हणून त्यांचा उपयोगही नसतो.

पहिल्या तासाला विचारायचे प्रश्न त्यातूनच निघतात. माझा चेंडू असा का जातो, दोन वाक्यांत सांगा. हा बदल बरोबर बसला तर चेंडू कसा दिसेल आणि जास्त झाला तर कसा? हे तुम्ही कुणाला शिकवणार नाही? शेवटच्या प्रश्नाला ‘सगळ्यांना चालतं’ असं उत्तर आलं तर पुढचे दहा तास एकरकमी घेऊ नका. आणि गुडघा, कंबर, खांदा यांबद्दल त्याने आपणहून विचारलं नाही तर तीही नोंद घ्या. कंबरेत कळ येत असेल तर सराव तिथेच थांबवायचा आणि आधी फिजिओथेरपिस्ट. हे कुठल्याही पद्धतीत बसवून घ्यायचं दुखणं नाही.

कोचने दोन वर्षांपूर्वी वेगळं सांगितलं होतं म्हणून ‘पलटी मारली’ ओरडणारेही पुष्कळ. रडारचे आकडे पाहून ज्यांनी जुना नियम सोडला आणि तसं उघड सांगितलं, त्यांची पत माझ्या लेखी वाढली. न सांगता गुपचूप बदलणारे वेगळे.

कोचच्या बाजूनेही बघू. दोन तासांच्या मध्ये तुम्ही तीन व्हिडिओ पाहिलेत, ग्रिप स्वतःच्या मनाने हलवलीत, आणि त्याला सांगितलं नाही. तो आपल्या औषधाचा परिणाम पाहतोय असं त्याला वाटतं, प्रत्यक्षात चार औषधांची भेळ पाहतोय. एका वेळी एकच बदल, आणि तो चालू असेतो दुसरं काही नाही, एवढं पाळल्याशिवाय ‘सहा तास घेतले, काही फरक नाही’ म्हणायचा आपल्याला हक्क नाही. सूचना कशी दिली जाते याकडेही लक्ष असू द्या. संशोधक गाब्रिएल वुल्फ यांच्या प्रयोगांत, गोल्फच्या पिच शॉटवरच्या प्रयोगातसुद्धा, स्वतःच्या हातांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा क्लबच्या हालचालीकडे लक्ष देणारे बरे शिकले. ‘उजवं कोपर बरगडीला’ जमत नसेल तर कोचला म्हणा, हेच क्लबहेडच्या भाषेत सांगा. चांगल्या कोचकडे दोन्ही भाषा असतात.

तरीही गेला नाही तर

पहिले पाच चेंडू दोन महिने टिपले, एकच बदल केला, ठसा मधोमध, आणि चेंडू अजूनही उजवीकडे वळतोय. तर क्लब तपासा. स्वतःच्या वेगाला न शोभणारा कडक शाफ्ट, किंवा आयर्नचा लाय (दांडी आणि क्लबहेड यांच्यातला कोन) सपाट असल्याने टो खाली टेकणं, यांनी चांगला स्विंगही उजवीकडे पाठवतो. चेंडूवर उभी रेघ काढून मारा; फेसवर ती तिरकी उमटली तर लाय बदलून घ्या. खर्च फार नसतो.

आणि दोन महिन्यांच्या नोंदीत असं दिसलं, की चेंडू दर वेळी डावीकडून थोडाच निघतो आणि दर वेळी दहा-बारा यार्डच उजवीकडे येतो, पेनल्टी जवळपास नाही, तर तो स्लाइस नाही, फेड आहे. ली ट्रेव्हिनो यांनी असाच चेंडू मारत सहा मेजर जिंकली, आणि औपचारिक शिकवणी जवळपास न घेता. डाव्या कडेला निशाण धरा. कोचला सांगा, हा राहू दे, उरलेले तास चिपिंगला.